फोन माझ्याच कानाला होता

दुकानात दिवसभर माझं तोंड बंद नसतं, आमच्या हिंगोलीकडल्या गोरेगावात कुणालाही विचारा. पण ही एक गोष्ट त्या तोंडातून आजवर बाहेर पडली नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. देवापुढं हात जोडले तरी तिथंही मी बाजूबाजूनंच बोलत आले — हे दे, ते दे, लेकराला बरं ठेव. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही. म्हणून तुमच्यापाशी जमंल कदाचित. बघते.

आधी मी कोण ते सांगते. जीपा उभ्या राहतात तिथून जवळच माझं ऑनलाईनचं दुकान आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, झेरॉक्सची मशीन आणि बसायला एक बाकडं. भरतीचे फॉर्म, हॉल तिकीट, दाखले, पीकविमा — सगळं होतं. पण लोक फॉर्मापेक्षा सल्ल्याला जास्त येतात. लग्नाआधी मी नांदेडला मावशीकडं राहून एका कारखान्यात पॅकिंगला होते, पगाराची चिठ्ठी वाचायला तिथं शिकले, त्याचं हे सगळं भांडवल. पोरं येतात — "ताई, पुण्याची कंपनी बोलावून राहिली, अठरा हजार म्हणती, जाऊ का?" मग मी सुरू होते. अठरा म्हणजे कोणते अठरा? कागदावरले का हातात पडणारे? इचारलं का? न्हाई इचारलं! शेळी घ्यायची तर दात बघतोस, आन नोकरी तशीच?

पोरं हसतात. पण ऐकतात. पीएफ कापला म्हणून रडू नका, ते पैसे तुमचेच आहेत, जुनी कंपनी सोडली की खातं पुढं न्या, काढून खाऊ नका. नोकरी लावतो म्हणून पैसे मागणारा माणूस चोर, मग तो मामाचा साडू का असेना. दाखले खरे कुणाच्या हातात द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्या. पहिला पगार महिना भरल्यावरही लगेच येत नाही, तेव्हा दीड महिन्याचा खर्च घेऊनच घर सोडा. आणि पहिल्या पगारात मोबाईल घेतला तर माझ्या दुकानाची पायरी चढू नका.

आणखी एक नियम आहे, तो माझा सगळ्यात प्रसिद्ध. कंपनीला फोन लावायचा तो माझ्या दुकानात, बाकड्यावर ठेवून, स्पीकरवर. आई, बाप, आजी, जो आला असंल त्यानं ऐकायचं. एकानं कानाला लावायचा आन बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडं बघत बसायचं, हे माझ्याकडं चालत नाही. लोक म्हणतात, ताई लई हुशार. हुशार! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हा नियम मला कुणी शिकवला, हे एकानंही कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी? काहीतरी ठोकून दिलं असतं. तेवढं मला येतं.

माझं सासर मेंढरांचं. गोरेगावापासून जवळच गाव. दिवाळी झाली की आमच्या घरातले पुरुष मेंढरं घेऊन निघतात. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, आज या शेतात, उद्या त्या शेतात, असं करत पावसाळ्याच्या तोंडावर माघारी. मी लग्न होऊन आले तेव्हा हे मला माहीत होतं, पण माहीत असणं वेगळं. नवरा दिवाळीनंतर गेला आणि घरात राहिलो आम्ही तिघी. सासू — आम्ही मामी म्हणतो — माणूस सोन्यासारखं, पण बोलणं म्हणजे जणू मीठ, चिमटीनं. नांदेडच्या गल्लीतनं मी आलेली, मला तर तोंड धरवत नव्हतं. आणि तिसरी रेणू. माझी नणंद.

ही गोष्ट रेणूची आहे. आता नाव आलंच आहे तर थांबत नाही.

रेणू हिंगोलीला कॉलेजला होती, सायन्सला. सकाळी जीपनं जायची, दिवस कलताना यायची. मी ओट्यावर बसून वाट बघायची. नवऱ्याची अशी वाट मी कधी बघितली नाही, खोटं काहून बोलू? ती आली की आधी दप्तर फेकायची आणि मग सगळ्या जीपची नक्कल. ड्रायव्हर कसा बोलला, कोणती म्हातारी कोंबडी घेऊन मांडीवर बसली, सर फळ्यावर लिहिताना कसे खांदा उडवतात. मी हसून हसून भाकरी करपवायची. मग माझ्या डोक्याला तेल लावायला बसायची आणि तेल लावता लावता रागवायची — "वैनी, दहावीवर काहून थांबल्या तुमी? डोकं तर इतकं चालतंय."

एक दिवस तिनं जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्याच्यावर कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढला. स्केचपेननं, एकेक बटण चौकोनात. तो चुलीपाशी पसरायची आणि मला बोटं ठेवायला लावायची. दाबा. मी कागदावर दाबायची. ती समोरच्या भिंतीकडं बघून, जणू तिथं पडदा आहे, वाचायची — "वैनी, तुमी तुमच्या नावात सविताच्या जागी सवताि लिवलं, पुन्हा दाबा." भिंतीवर काय असणार, धूर! पण मी खरंच पुन्हा दाबायची. आतनं मामी ओरडायच्या, काय खिदळून राहिल्या गं दोघी? आणि आम्ही आणखीच.

मला माफक बोलता येत नाही, सरळ सांगते. लग्न माझं नवऱ्याशी झालं, पण संसार मी रेणूसोबत केला. मला मूल नव्हतं अजून. माहेर लांब. त्या घरात माझं असं जे काही होतं ते संध्याकाळच्या जीपनं यायचं.

मग तिचं शेवटचं वर्ष संपलं आणि हिंगोलीत रोजगार मेळावा झाला. ती मैत्रिणींसोबत सहज म्हणून गेली आणि निवड होऊन आली. पुण्याच्या बाजूची औषधांची कंपनी, प्रयोगशाळेत तपासणीचं काम, आधी शिकाऊ म्हणून. ओट्यावरनंच ओरडत आली, मला कमरेला धरून उचललं — मी काय हलकी होते का? दोघी पडलो. मामी आतनं धावत आल्या, त्यांना वाटलं साप निघाला.

त्या दिवशी तिनं मला सगळं ठरवून सांगितलं. आमच्यात पोरगी झाली की एक मेंढी तिच्या नावची करतात. कानाला वेगळी खूण. तिच्या पोटची जी वाढ होईल ती त्या लेकीची, बापानंही त्याला हात लावायचा नाही. रेणूच्या मेंढीची वाढ चांगली झालेली. त्यातली दोन कोकरं कळमनुरीच्या बाजारात काढायची, त्यात जायचं भाडं, एक गादी, आणि पगार हातात पडेपर्यंतचा दीड महिना. पोरांना मी दीड महिना दीड महिना म्हणून सांगते ना, ते माझं नाही. तिचं आहे. त्या पोरीनं चुलीपुढं बसून काढलेलं.

मला आनंद झाला होता. हे खरं आहे, हे ध्यानात ठेवा. एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पीठ मळताना तिच्या वाटणीचं पीठ बाजूला काढून बघितलं. का काढलं? सहज. उरलेला गोळा एवढासा दिसला. मी तिला विचारलं, सुट्टी कधी मिळंल गं? ती म्हणाली, दिवाळीला येईन की. दिवाळीला! म्हणजे ती जाणार आणि तिच्या मागनं मेंढरं निघणार. मग मी आणि मामी आणि ती भिंत.

"मला तुझ्याबिगर करमणार नाही," एवढं मी तिला म्हणलं असतं तर? ती रडली असती, मी रडले असते, आणि ती गेली असती. तेवढंच बोलायचं होतं. ते नाही बोलले.

सासरे, मामा, त्या वेळी घरी आलेले, मेंढरं गावाजवळच्याच रानात बसलेली म्हणून. आणि ऐका — मामा आडवे आले नव्हते. मामी पण नाही. लोकांना वाटतं, मेंढरामागचा माणूस, तो लेकीला काय धाडणार. तसं नव्हतं. मामा म्हणाले, "शिकली तर जाऊ दे पोरीला. पण सूनबाई, तू कंपनीत राहिलेली. तू फोन लाव, सगळं इचार. तू म्हणशील तसं." म्हणजे दार बंद नव्हतं. दार उघडं होतं आणि कडी माझ्या हातात दिली होती.

घरात बटणाचा फोन होता. त्याचा स्पीकर कधीच बसलेला. अंगणात मामा बाजेवर, मामी सुपात ज्वारी घेऊन, आणि रेणू दाराच्या चौकटीला हात लावून उभी. कंपनीनं दिलेल्या कागदावर नाव आणि नंबर एवढंच होतं, तो नंबर तिनंच मला वाचून दाखवला. मी फोन कानाला लावला.

एक बाई बोलली. हिंदीत, गोड, घाई न करता. मी विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं — रहने का क्या है? ती म्हणाली, हॉस्टेल है दीदी, सिर्फ लड़कियों का, वॉर्डन मॅडम वहीं रहती हैं.

मी फोन जरा बाजूला धरला. माझ्या तोंडातनं निघालं, "हॉस्टेल न्हाई म्हणती. खोली आपली आपणच बघायची."

मी ठरवलं नव्हतं. खरंच सांगते — आणि हे मी सुटका म्हणून सांगत नाही, कारण पुढचं तर ठरवूनच केलं. एकदा म्हणलं आणि आभाळ काही कोसळलं नाही. मामांनी मान हलवली. मग मी पुढचं विचारलं. कंपनीत जायचं कसं? बाई म्हणाली, बस है, हॉस्टेल के गेट से. मी म्हणलं, जायचं आपल्या आपणच, रिक्षानं. पगार? तिनं सांगितला, कापून हातात किती तेही सांगितलं, दुपारचं जेवण कंपनीचं. मी हातातला आकडा जवळजवळ निम्मा केला आणि जेवणाचं गिळून टाकलं. दाखले? ती म्हणाली, ओरिजिनल बस देखकर वापस देते हैं. मी म्हणलं, दाखले ठेवून घेतात. आणि मग मी तो प्रश्न विचारला, जो विचारल्यावर काय होणार हे मला बराबर माहीत होतं. लड़कियों को नाइट शिफ्ट है क्या? बाई हसली. नहीं जी, लड़कियों को बिल्कुल नहीं.

मी मामांकडं बघितलं, रेणूकडं नाही. "रातपाळी हाय म्हणती, पोरींना बी."

माझे प्रश्न त्यांना ऐकू येत होते ना. इतके नीट, इतके कामाचे प्रश्न — असं विचारणारी सून खोटं सांगंल असं कुणाच्या बापाच्या मनात येईल? त्या प्रश्नांवर त्यांचा विश्वास बसला आणि उत्तरं मी दिली. फोन माझ्याच कानाला होता. शेवटी ती बाई म्हणाली, सोमवार तक बता दीजिए दीदी, बेफिक्र भेज दीजिए, अच्छी लड़की है. मी 'जी' म्हणलं आणि फोन ठेवला.

मामा उठले, पटका झटकला. "रातपाळी म्हणल्यावर न्हाई." विषय संपला. मामी म्हणाल्या, बरं झालं इचारलं. रेणू घागर घेऊन पाण्याला गेली. परत आली, चुलीपाशी माझ्या शेजारी बसली आणि माझ्या खांद्याला डोकं टेकवून म्हणाली, "जाऊ द्या वैनी. तुमी इचारलं म्हणून कळलं तरी. न्हाईतर फसले असते मी."

आणि मी? मी तिला पहिली गरम भाकरी वाढली. तूप घातलं वरनं. आणि सगळ्यात वाईट तुम्हाला सांगते — त्या संध्याकाळी मला भूक लागली होती. मी पोटभर जेवले.

सोमवार येईपर्यंत वेळ होता. कितीदा ती अंगणातनं गेली, कितीदा मी एकटी फोनापाशी होते. उलटं फिरवायला काय लागत होतं? मामा, माझी ऐकण्यात चूक झाली, एवढं पुरलं असतं. सोमवारी मी ओढ्यावर सगळ्यांची पांघरुणं धुतली. रेणू पिळायला मदतीला होती.

मी काय समजले होते? ती राहील. माझ्यापाशी. कागदाच्या कीबोर्डावर आम्ही दोघी म्हाताऱ्या होऊ. अगं बाई, शिकलेली पोरगी नोकरीबिगर घरात बसली की काय होतं हे मला कळत नव्हतं का? पाव्हणे यायला लागले. वर्ष भरायच्या आत लग्न झालं. तिच्या मेंढीची ती कोकरं मांडवाच्या खर्चात गेली, तिनं स्वतःच सोडून दिली. सासर औंढ्याच्या पलीकडं, सिद्धेश्वरच्या धरणाकाठी. तेही घर मेंढरांचंच. दिवाळीनंतर तिचा नवरा निघतो. घरात सासू, तिला कमी ऐकू येतं. नणंद नाही. म्हणजे मी माझाच ओटा तिला उचलून दिला, आणि तिथं संध्याकाळच्या जीपनं कुणी येत नाही.

तिचं वाईट झालं असं म्हणता येणार नाही. नवरा चांगला आहे, हात उचलत नाही, दोन लेकरं आहेत, गळ्यात सोन्याची पोत आहे. हे मी मनाशी कितीदा म्हणते. पण तिनं पोत कुठं मागितली होती? तिनं प्रयोगशाळा मागितली होती.

ती गेल्यावर मी ते कॅलेंडरचं पान काढून बसायची. बोटं ठेवायची. भिंतीकडं बघून वाचणारं कुणी नव्हतं. शेवटी मला वेड लागेल म्हणून मामींनीच मला सेनगावला कॉम्प्युटरच्या कोर्सला घातलं, आणि सर म्हणाले, तुमची बोटं तर आधीच बसलेली आहेत, कुठं शिकला? त्याच बोटांवर आज माझं दुकान चालतंय. मी जे खाते ते तिचं खाते.

फोनवर आम्ही बोलतो. तिच्या बाजूनं धरणाचा वारा येतो फोनात, घुर्रर्र करून. लेकरं कशी, बरी, मामी कशा, बऱ्या. मग ती म्हणते, "वैनी, काहीतरी बोला ना, पहिल्यासारखं." आणि मला, ज्या बाईचं तोंड बंद नसतं, तिला काही सुचत नाही. मला तिची इतकी आठवण येते की ती फोनवर असतानासुद्धा येते. दिवस कलला की अजून माझी मान जीपा येतात त्या बाजूला वळते. गिऱ्हाईक म्हणतं, ताई, कुणी येणार हाय का? न्हाई रे, दे तुझा आधार.

यंदा पंचमीला ती माहेरी आली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, वैनी, तुमचं दुकान बघते, आणि आली की माझ्यासोबत. बाकड्याच्या कडेला बसली, पंख्याखाली, पदर सावरून. केसात पांढरं दिसायला लागलंय तिच्या. तेवढ्यात शेजारच्या गावची एक पोरगी आली, आईला घेऊन. पुण्याच्या बाजूच्या कंपनीत निवड झालेली. आई घाबरलेली. ताई, तुमी इचारा.

मी काय करणार होते? नियम माझाच. फोन बाकड्यावर ठेवला, स्पीकरवर टाकला, आणि तेच प्रश्न विचारले — दुसरे मला येतच नाहीत. दुसरी कंपनी, दुसरी बाई, आवाज तसाच गोड. हॉस्टेल है. वॉर्डन है. बस गेट से मिलेगी. खाना कंपनी का. ओरिजिनल सिर्फ देखेंगे. लड़कियों को नाइट शिफ्ट नहीं. एकेक उत्तर त्या एवढ्याशा दुकानात सगळ्यांनी ऐकलं. मी कॉम्प्युटरकडं बघत होते. मागं वळायची माझी छाती झाली नाही.

पोरीच्या आईनं डोळे पुसले, म्हणाली, मग धाडते बाई. कागदं माझ्यापाशी ठेवून दोघी फोटो काढायला गेल्या. पोरगी पायऱ्यांवरनं उड्या मारत उतरली.

दुकानात आम्ही दोघीच राहिलो. पंखा चालू होता. रेणू पायरीकडं बघत होती. मग म्हणाली, "किती बदललं वैनी आता. पोरींसाठी किती करून राहिले. आपल्या टायमाला असं न्हवतं, न्हाई का?"

काय होतं तिच्या मनात? सहज विचारलं का? का ती मला जागा करून देत होती, बाकड्यावर सरकून देतात तशी? मला माहीत नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. तेच डोळे, भिंतीवर वाचणारे.

मी म्हणलं, "व्हय. न्हवतं."

तिनं पदर कमरेला खोचला. मग उठली, माझ्या खुर्चीपाशी आली. "सरका वैनी. ह्या पोरीचा फॉर्म मी भरते." मी सरकले. तिनं कीबोर्ड पुढं ओढला, दोन्ही हात वर धरले आणि तसेच राहिले. एक बोट बटणांवरनं इकडून तिकडं फिरलं, परत फिरलं. ती हसली. "विसरले की हो सगळं. पहिलं अक्षर कुठंय, दाखवा की."

मी तिचं बोट धरून बटणावर ठेवलं.

तिथं बोलले नाही ते इथं लिहिते. हॉस्टेल होतं, रेणू. वॉर्डन तिथंच राहत होती. बस गेटवरनं होती. जेवण कंपनीचं होतं. दाखले बघून परत देणार होते. आणि रातपाळी नव्हती.